पक्ष्यांच्या छायाचित्रात पुढ्यातले धूसर गवत, पाने आणि फुले मुद्दाम कशी वापरावीत?

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. कॅमेरा आणि पक्षी यांच्यामध्ये येणारे गवत किंवा पाने धूसर करून त्यांना चित्राचा भाग कसे बनवावे, फोकस पक्ष्यावर न बसता गवतावरच जातो त्याला काय करावे, आणि ७०-३०० मिलिमीटरच्या साध्या झूम लेन्सने हे साधेल का. मी खानदेशात, मुख्यतः तापीकाठची शेते, हतनूरचा जलाशय आणि सातपुड्याचा पायथा या पट्ट्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढतो, म्हणून उदाहरणे इथलीच देतो. माझे ठाम मत असे आहे की आपण सर्व जण पार्श्वभूमी स्वच्छ मिळावी यासाठी जितकी धडपड करतो, त्याच्या निम्मी जरी पुढ्यातल्या भागासाठी केली तरी चित्रे बदलतील, कारण पुढ्यातला भाग पार्श्वभूमीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आपल्या हातात असतो.

हे म्हणणे हिशेबाने पटते. ४०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर ठेवली, तर तिच्या ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, व्यास ४०० भागिले ५.६ (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर येतो. पक्षी २० मीटरवर आहे आणि फोकस त्याच्यावर आहे असे समजू. आता पक्ष्याच्या मागच्या वस्तूचा एकेक बिंदू, मग ती वस्तू शेजारचे शेत असो की क्षितिजावरचा सातपुडा, पक्ष्याच्या जागी मोजला तर जास्तीत जास्त ७१ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात सेंटीमीटर इतकाच पसरू शकतो. पार्श्वभूमी कितीही लांब असली तरी तो त्याहून अधिक पसरत नाही. पुढच्या बाजूला मात्र अशी मर्यादाच नाही. लेन्सपासून १० मीटरवरच्या गवताचा बिंदू पक्ष्याच्या जागी सात सेंटीमीटर पसरतो, ५ मीटरवरचा २१ सेंटीमीटर, १ मीटरवरचा सुमारे १३५ सेंटीमीटर आणि अर्ध्या मीटरवरचा तर सुमारे पावणेतीन मीटर. फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यात २० मीटर अंतरावर या लेन्सची चौकट १८० सेंटीमीटर रुंदीची असते. म्हणजे एका मीटरवरचे पाते चौकटीच्या तीन-चतुर्थांश रुंदीवर पसरते आणि त्याचा आकार पूर्णपणे नाहीसा होऊन मागे उरतो तो केवळ रंग.

याच हिशेबातून हेही कळते की गवतामुळे चित्र बिघडते ते कुठे. १५ मीटरवरची काडी, म्हणजे पक्ष्यापासून पाच मीटर अलीकडची, सुमारे अडीच सेंटीमीटरच पसरते. ती काडी म्हणून ओळखू येते, पण स्पष्ट दिसत नाही, आणि नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे ओढली जाते. आपण ज्या छायाचित्रांना ‘मध्ये गवत आले’ म्हणून टाकून देता, त्यांतल्या बहुतेकांत गवत या मधल्या पट्ट्यात असणार. त्यामुळे पुढ्यातली वस्तू एकतर लेन्सच्या अगदी जवळ हवी, हूडला (लेन्सच्या तोंडावर लावायच्या कड्याला) जवळजवळ टेकलेली असली तरी चालेल, किंवा मग पक्ष्याच्या इतकी लगत हवी की ती त्याच्याबरोबर स्पष्ट येऊन त्याची बसायची जागा म्हणून शोभेल. मधल्या जागेतली वस्तू टाळण्यासाठी आपली जागा बदलणे हाच उपाय आहे.

लेन्सजवळची वस्तू पारदर्शक का भासते, हेही समजून घेण्यासारखे आहे. पक्ष्याच्या डोळ्यापासून निघालेला प्रकाश लेन्सच्या ७१ मिलिमीटरच्या संपूर्ण तोंडातून आत येतो. त्या तोंडासमोर पाच मिलिमीटर रुंदीचे एक पाते आडवे आले, तर ते त्यातला नऊ-दहा टक्के प्रकाश अडवते; उरलेला प्रकाश त्याच्या दोन्ही बाजूंनी आत येतो आणि पक्षी पात्याआडूनही दिसत राहतो. पात्याचा स्वतःचा रंग मात्र त्या जागी हलकासा चढतो. ॲपर्चर एफ ११ पर्यंत बारीक केले, की तेच पाते जवळजवळ दुप्पट प्रकाश अडवते आणि पसरतेही निम्मेच. म्हणून या कामात लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. पक्ष्याच्या पिसांचा तपशील अधिक मिळावा म्हणून ते बारीक करण्याचा मोह होतो, पण मग पुढचे गवत डागांसारखे आणि पट्ट्यांसारखे दिसू लागते.

यावरून पुढ्यातल्या वस्तूंचे दोन प्रकार पडतात, आणि त्यांचा उपयोग वेगवेगळा आहे. लेन्सच्या तोंडापेक्षा अरुंद वस्तू, म्हणजे कुसळी गवत, ज्वारीची पाती, लव्हाळ्याच्या काड्या, यांचा पातळ पडदा तयार होतो. त्याहून रुंद वस्तू मात्र मधोमध अपारदर्शकच राहते आणि फक्त तिच्या कडा विरघळतात. रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागांच्या कडेला हा दुसरा प्रकार उत्तम अनुभवता येतो. केळीचे पान लेन्सपुढे धरल्यासारखे आले, तर चौकटीचा तेवढा भाग गडद हिरव्या रंगाने भरून जातो. दोन पानांच्या मधल्या फटीतून बांधावर चालणारा भारद्वाज किंवा केळफुलावर आलेला शिंजीर टिपला, तर चारही बाजूंनी हिरव्या रंगाची मऊ चौकट आपोआप मिळते. पानामागून सूर्य असेल तर हा हिरवा रंग उजळून पोपटी होतो आणि नुसता गडद भाग न राहता त्यात जीव येतो. अशा चित्रात फट पक्ष्यापेक्षा पुरेशी मोठी दिसायला हवी, कारण पानांच्या विरघळलेल्या कडा आत सरकून ती फट खाऊन टाकतात.

आता प्रत्यक्ष जागेवर काय करावे, ते सांगतो. पार्श्वभूमी बदलायची असेल तर आपल्याला काही पावले चालावे लागते, आणि चाललो की पक्षी उडतो. पुढ्यातला भाग बदलायला मात्र कॅमेरा दोन बोटे वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवणे पुरते, कारण अर्ध्या मीटरवरचे गवत तेवढ्यानेच चौकटीत पूर्णपणे नव्या जागी जाते, तर २० मीटरवरचा पक्षी आणि त्यामागचे झाड जवळजवळ जागच्या जागी राहतात. म्हणून मी तिवई क्वचितच वापरतो. मका किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली, की आडवे पडून हा सूक्ष्म बदल सहज करता येतो. व्ह्यूफाइंडरमधून बघत बघत कॅमेरा अगदी सावकाश खाली न्यावा. आधी गवताचा रंग खालच्या कडेला हलकासा उमटतो, मग वर चढू लागतो, आणि पक्ष्याच्या पायांपर्यंत आला की थांबावे. याला कसलीही घाई चालत नाही. पक्षी आपल्याला स्वीकारून खाण्यात गुंतलेला असेल, तर एकाच जागी बसून पाच-सहा वेगवेगळ्या रचना मिळतात.

पडदा कुठवर चढू द्यावा, याबाबत माझी एकच अट आहे: डोळा, चोच आणि त्यांच्यामधला चेहरा पूर्ण मोकळा हवा. पाय, शेपटी, पोटाचा खालचा भाग धुरकट रंगात बुडाला तरी चित्राचे नुकसान होत नाही, उलट पक्षी त्याच्या गवतात ‘राहतो’ आहे असे वाटते. मात्र चेहऱ्यावरून एक पातळशी पट्टी गेली, तरी डोळ्यातली चमक मंदावते आणि ती नंतर संगणकावर परत आणता येत नाही. शेकाट्यासारख्या पक्ष्याच्या बाबतीत मी हा पडदा कमी ठेवतो, कारण त्याचे लांब गुलाबी पाय ही त्याची ओळख आहे आणि ते झाकून टाकण्यात अर्थ नाही. टिटवी किंवा चंडोल जमिनीलगत असतात, तिथे खालचा पाऊण भाग रंगाने भरला तरी चित्र बिघडत नाही. पक्षी ज्या दिशेला पाहतो आहे, ती बाजू शक्यतो मोकळी ठेवावी आणि त्याच्या पाठीमागच्या बाजूकडून रंग आत आणावा. नजरेपुढे लगेच भिंत आली, तर चित्र कोंडल्यासारखे वाटते.

रंगांच्या बाबतीत खानदेशाचे वर्ष फार उदार आहे. पावसाळ्याच्या अखेरीस धुळे जिल्ह्यातल्या लामकानीसारख्या राखलेल्या माळांवर गवत कमरेएवढे होते; दिवाळीनंतर ते सोनेरी होऊ लागते आणि त्याआडून टिपलेल्या चंडोलाचा मातकट रंग त्या सोनेरी धुक्यात फार सुंदर मिसळतो. गव्हाच्या कोवळ्या हिरव्या शेताच्या बांधावरून काढलेला गप्पीदास, दादर ज्वारीच्या कणसांआडून दिसणारी पळसमैना, हतनूरच्या काठावर बेशरमाच्या फिक्या जांभळ्या फुलांमागे फिरणारी जांभळी पाणकोंबडी, या सगळ्यांत पुढ्यातला रंग पक्ष्याच्या घराविषयी काही सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्यात पळस फुलतो, तेव्हा फुलांनी लगडलेल्या अलीकडच्या फांदीआडून पलीकडच्या फांदीवरचा पक्षी टिपता येतो आणि चौकटीत केशरी रंगाचे मोठे मऊ गोळे उतरतात. इथे एक सावधगिरी हवी: पुढ्यातला रंग पक्ष्याहून भडक झाला, की नजर तिकडेच अडकते. काळा कोतवाल पळसाच्या केशरी रंगापुढे टिकतो, पण फिक्या रंगाची लहानशी वटवटी त्यात हरवून जाते. वेचणीला आलेल्या कापसाच्या शेतात तर हे फारच जाणवते. फुटलेल्या बोंडांचे पांढरे ठिपके धूसर झाल्यावर मोठे होतात आणि उन्हात पूर्ण पांढरे पडून तपशीलहीन होतात. म्हणून कापसाआडून छायाचित्र काढायचे असेल, तर सूर्य वर येण्याआधीचा किंवा ढगाळ वेळेचा सौम्य प्रकाशच निवडावा.

उजेडाची दिशा पुढ्यातल्या भागासाठी पक्ष्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि हा मुद्दा मला सर्वांत आवडतो. पुढचे गवत सावलीत आणि पक्षी उन्हात असेल, तर पडदा गडद व शांत राहतो आणि पक्षी उजळून पुढे येतो. सकाळी बांधाच्या किंवा झाडाच्या सावलीत पडून पलीकडच्या उन्हातला पक्षी टिपला की ही स्थिती मिळते. उलट गवतावर ऊन आणि पक्षी सावलीत असेल, तर उजळ पडदा पक्ष्यावर पांढरट थर चढवतो आणि सगळे चित्र फिके होते. तिसरी स्थिती समोरून येणाऱ्या प्रकाशाची. सूर्य पक्ष्याच्या मागे खाली असताना गवताच्या कडा पेटल्यासारख्या होतात, त्यांवर दव असेल तर प्रत्येक थेंबाची एक प्रकाशमान तबकडी बनते. ॲपर्चर पूर्ण उघडे असेल तर या तबकड्या चौकटीच्या मध्यभागी गोल आणि कडांना थोड्या लांबट दिसतात. ते बारीक केले तर त्यांना ॲपर्चरच्या धातूच्या पात्यांचे कोन येऊ लागतात. हिवाळ्यात हतनूरच्या काठावर दव भरपूर पडते, आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून पाणकणसांआडून हळदी-कुंकू बदके टिपण्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात क्वचितच मिळतो. या प्रकाशात लेन्सला हूड लावणे अत्यावश्यक आहे. त्यामुळे तिरपा प्रकाश काचेवर पडत नाही आणि गवत काचेला घासतही नाही.

फोकसच्या अडचणीकडे वळतो. कॅमेऱ्याला चौकटीत जे जवळ आणि ठळक आहे ते पकडायची सवय असते, त्यामुळे अनेक बिंदूंचा स्वयंचलित पर्याय येथे कामाचा नाही. एकच, शक्य तितका लहान फोकसबिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असते आणि विरळ गवतात ती चांगली चालते, पण पडदा दाट झाला की तीही गोंधळते. तेव्हा पुन्हा लहान बिंदूकडेच यावे लागते. आपल्या लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारी कळ असेल, तर ती दूरच्या पट्ट्यावर ठेवावी, म्हणजे लेन्स जवळच्या गवताचा शोध घेतच नाही. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर देणे हा मला सर्वांत उपयोगी वाटलेला बदल आहे: आधी कॅमेरा थोडा वर उचलून मोकळ्या जागेतून पक्ष्यावर फोकस घ्यावा, बटण सोडावे, मग कॅमेरा गवतात खाली आणून रचना करावी आणि छायाचित्र काढावे. फोकस जिथे होता तिथेच राहतो. पक्षी पुढे-मागे सरकला तर फोकस पुन्हा घ्यावा लागतो, कारण ४०० मिलिमीटर, एफ ५.६ आणि २० मीटर या हिशेबात स्पष्टतेचा पट्टा जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरचा असतो. वाऱ्याने हलणारे गवत बिंदूवरून सतत ये-जा करत असेल, तर सरळ हाताने फोकस करावा. लेन्सचे कडे किंचित पुढे-मागे फिरवत डोळा स्पष्ट होताच सलग काही छायाचित्रे घ्यावीत.

एक्स्पोजरबाबत थोडक्यात सांगतो. उजळ गवताचा पडदा मोठा असेल तर कॅमेरा त्यालाच मोजून पक्ष्याला काळवंडतो आणि गडद पानांचा पडदा असेल तर पक्ष्याला अति उजळ करतो, म्हणून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा कॅमेऱ्यात दिसणारा आलेख) पाहून पक्ष्याच्या पिसांप्रमाणे दुरुस्ती करावी. पडद्यामुळे पक्ष्याच्या अंगावरचा कॉन्ट्रास्ट थोडा उतरतोच. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर नंतर फक्त पक्ष्याच्या भागावर तो किंचित वाढवता येतो. संगणकावर नवा धूसर थर रंगवून चिकटवणे मात्र मला मान्य नाही, आणि निसर्ग छायाचित्रणाच्या बहुतेक स्पर्धांच्या नियमांतही चित्रात नसलेला घटक जोडणे बसत नाही. उन्हाळ्याविषयीही सांगायला हवे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि आडवे पडून काढलेल्या चित्रात पक्षीच लाटांसारखा दिसतो. ही अस्पष्टता लेन्सच्या धूसरतेहून वेगळी आहे, तिच्यातून काही सुंदर निघत नाही. त्या दिवसांत कामाचा वेळ सूर्योदयानंतरचा दीड-दोन तासांचाच समजावा.

हे सगळे करताना पुढ्यातला भाग जसा मिळेल तसा घ्यावा, तो तयार करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फांदी मोडून लेन्ससमोर खोचणे, गवत तुडवून फट पाडणे, दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणे, हे टाळावे. शेतमालकाला विचारले तर तो बांधावर बसायला बहुधा आनंदाने परवानगी देतो आणि कोणता पक्षी कुठे येतो हेही सांगतो. घरट्याभोवतीची पाने तर कधीही बाजूला करू नयेत, कारण त्याने अंडी आणि पिले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. खानदेशाला या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती, तो रानपिंगळा हा दुर्मिळ घुबडाचा प्रकार नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना पुन्हा आढळला, आणि आजही त्याला पाहायला छायाचित्रकार सातपुड्यात येतात. हा पक्षी दिवसाही वावरतो, त्यामुळे तो पाहणे सोपे वाटते आणि लोक जवळ जवळ सरकत जातात, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात. त्याऐवजी सागाच्या पानांआडून, लांब राहून, पुढ्यात पानांचा तपकिरी रंग घेऊन काढलेले छायाचित्र मला पूर्ण चौकट भरणाऱ्या चेहऱ्याहून अधिक खरे वाटते, कारण त्यात तो ज्या जंगलावर जगतो ते जंगलही असते, आणि आपण झाकलेले असल्याने पक्ष्यालाही त्रास कमी होतो.

राहिला आपल्या लेन्सचा प्रश्न. ३०० मिलिमीटर आणि एफ ५.६ असेल तर ॲपर्चरचा व्यास सुमारे ५४ मिलिमीटर होतो. पक्षी २० मीटरवर आणि गवत अर्ध्या मीटरवर धरले तरी एक बिंदू दोन मीटरांहून अधिक पसरतो, म्हणजे हे तंत्र आपल्या लेन्सने निश्चित साधेल. गवत ४०० मिलिमीटरवाल्यापेक्षा थोडे अधिक जवळ घ्यावे लागेल, इतकाच फरक. झूम पूर्ण ३०० वर ठेवावा, कारण ७० वर एफ ४ धरला तरी व्यास १८ मिलिमीटरच्या आसपासच उतरतो आणि गवताच्या काड्या काड्याच दिसतात. मोबाइलच्या लेन्सचे छिद्र काही मिलिमीटरांचे असते, त्यामुळे त्याने पक्ष्यांसाठी हे होत नाही. सरावासाठी पक्ष्याची वाट पाहण्याची गरज नाही: अंगणातल्या तुळशीआडून १०-१५ मीटरवरच्या एखाद्या कुंडीवर फोकस घेऊन कॅमेरा बोटभर वर-खाली करत जावे, प्रत्येक जागी एफ ५.६, ८ आणि ११ अशी तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्यानंतर एखाद्या सकाळी घराजवळच्या माळावर टिटवी किंवा वेडा राघू यांच्यापासून सुरुवात करावी, कारण ते एका जागी बराच वेळ बसतात किंवा पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात.